अर्धी गोळी सकाळी, अर्धी दुपारी

मला झोपेचा आजार आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हसतो. क्षयाचं नाव काढलं तर लोक दोन पावलं मागे सरतात, मधुमेह म्हटलं तर पथ्य सांगतात, आणि मी माझं सांगितलं की म्हणतात, "वा, भाग्यवान आहात! आम्हाला मेली झोपच येत नाही." नाहीतर, "दुपारी जेवल्यावर मलाही होतं हो तसं." होतं ना? मग घास तोंडात असताना होतं का? गालाला साबण लावून, हातात वस्तरा धरून आरशासमोर उभे असताना होतं का? एवढं विचारलं की ते म्हणतात, "कॉफी घेऊन बघा."

त्या कॉफीवाल्यांसाठी मी हे लिहीत नाही. माझ्यासारखा दुसरा कुणी कुठेतरी घरच्यांची बोलणी खात बसला असेल, स्वतःलाच आळशी समजत असेल, त्याच्या हाती हे पडलं तर बरं, म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही. मुरुडला एका धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर आहे. औषधाच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला माणूस, एवढाच माझा अधिकार.

*

सुरुवात झाली तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. लग्न त्याच वर्षी झालेलं, त्यामुळे दिवसा डुलक्या घेणाऱ्या नव्या नवऱ्याकडे बघून गावाने लावायचा तो अर्थ लावला. मीही हसण्यावारी नेलं. पण वर्ष उलटलं, दुसरं उलटलं, आणि डुलक्या वाढतच गेल्या. खलात औषध घोटताना झोप लागायची. हात थांबला की डॉक्टर आतून विचारायचे, "दामोदर, झालं का?" चुलतभावाच्या साखरपुड्यात मी ताटावर बसल्या बसल्या झोपलो आणि आमटीत माझी टोपी पडली. आई महिनाभर त्या घरी तोंड दाखवायला गेली नाही.

हे एक झालं. दुसरं त्याहून विचित्र होतं. मला हसू आलं की माझे गुडघे जायचे. खरोखर जायचे. न्हाव्याच्या दुकानात कुणी काही गमतीचं बोलला, मी हसायला लागलो, आणि जबडा सैल पडला, मान खाली गेली, पाय दुमडले आणि मी गोणपाटासारखा जमिनीवर. मिनिटभराने उठायचो. त्या मिनिटात मला सगळं ऐकू येत असायचं, कळत असायचं, फक्त बोलता येत नसे. लोक धावायचे, "फेफरं, फेफरं," म्हणायचे आणि नाकाला चप्पल लावायचे. चप्पल कुणाची आहे तेसुद्धा मला वासावरून कळायचं. पण ओरडून सांगणार कसं?

आईने तिच्यापरीने इलाज सुरू केले. दंडात काळा दोरा आला. राजपुरीच्या खाडीपलीकडून एक देवऋषी आला. त्याला मी सांगून बसलो की दुपारी जाग येते तेव्हा कधी कधी अंग हलत नाही आणि छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. झालं! बुडालेला खलाशी आहे, म्हणाला. कोंबडा मागितला. कोंबडा त्याने खाल्ला, झोप माझ्याकडेच राहिली.

आमचे डॉक्टर गद्रे शिकलेले, सज्जन माणूस. त्यांनी खलाशाला हाकलून दिलं आणि फेफरं धरून उपचार सुरू केला. ब्रोमाइडचं मिक्श्चर. फेफऱ्याला तेव्हा ते देतच असत. त्याने माणूस शांत होतो, सुस्तावतो. हे मला ठाऊक होतं, कारण ते मिक्श्चर मीच बनवत होतो. मीच बाटली भरायची, मीच त्यावर मात्रेची कागदी पट्टी चिकटवायची, आणि मीच दिवसातून तीनदा प्यायचं. पडणं थांबेना म्हणून डॉक्टरांनी मात्रा वाढवली. झोप वाढली. म्हणून पुन्हा तपासलं, पुन्हा मात्रा वाढवली. असं दोन वर्षं चाललं. आज आठवलं तरी कुणाला तरी बदडावंसं वाटतं, आणि कुणाला ते कळत नाही.

*

ज्या दिवशी मी माणूस मारता मारता राहिलो तो दिवस बाजाराचा होता. दवाखान्याची ओसरी भरलेली. या आजारात एक गोष्ट होते, ती बाहेरून दिसत नाही. डोळे उघडे असतात, हात काम करत असतो, आणि आपण नसतो. मी बाटल्या भरत होतो, चिठ्ठ्या लिहीत होतो, बुचं लावत होतो. बघणाऱ्याला वाटावं, काय झपाझप काम करतोय.

फातिमाबी म्हणून आमच्या जुन्या पेशंट होत्या, मोहल्ल्यात राहायच्या. त्यांच्या चार वर्षांच्या नातीला खोकला होता. त्या बाटली घेऊन गेल्या आणि अर्ध्या तासात धापा टाकत परत आल्या. बाटली त्यांनी टेबलावर आपटली.

"दामूभाई, ही काय दवा हाय? हिचा वास बघ!"

मी बूच काढलं. सांध्यांना चोळायचं औषध होतं ते. पोटात गेलं तर विषच. आणि बाटलीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर'. खाली मात्रेची पट्टीसुद्धा नीट कातरून लावलेली.

"पोरीच्या तोंडापाशी चमचा नेलावता मी," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे रोज चोळते म्हणून वास वळखला. न्हायतर?"

ती बाटली भरल्याचं मला आठवतच नव्हतं. माफी मागायची तरी कशाची, तो प्रसंगच माझ्याजवळ नव्हता. फातिमाबी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओसरीवर खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

डॉक्टर गद्र्यांनी त्यांना पाणी दिलं, स्वतः दुसरं औषध बनवून दिलं, आणि मग माझ्यापुढे हात केला. "कपाटाची चावी दे."

मी दिली.

"उद्यापासून नोंदवहीवर बस. औषधाला हात लावायचा नाही."

नोंदवहीवर बसलो. आठवडाभरात डॉक्टरांनी वही पाहिली. पेशंटची नावं लिहिता लिहिता माझी ओळ खाली घसरत गेली होती, अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या झाल्या होत्या, आणि शेवटची रेघ कागद ओलांडून टेबलावर उतरली होती. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे फेफरं नाही रे दामोदर. माझंच काहीतरी चुकतंय. तू मुंबईला जा." चुकतंय असं म्हणणारा तो मला भेटलेला पहिला माणूस. त्यांनी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहून दिली.

*

सुमन बरोबर निघाली. सुमन माझी बायको, चौलची. सहावीपर्यंत शिकलेली, पुढची शाळा लग्नाने थांबवलेली. साळावला बसमधून उतरून तरीने रेवदंड्याला जायचं, तिथून पुन्हा बस, मग रेवसहून लाँच. सगळ्या वाटेवर तिने माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. लोक बघत होते. "बघू देत," ती म्हणाली. "पडलात तर ते बघणारे उडी मारणार आहेत का?"

हॉस्पिटलात मला आठ दिवस ठेवलं. पहाटे आया फरशी धुवायला यायची, मग तापमापी, मग दूध, मग बेडपॅनची गाडी. वॉर्डात एकाला दुखण्याने झोप नाही, दुसऱ्याला काळजीने नाही, आणि मधल्या खाटेवर मी घोरतोय. सगळे माझ्यावर जळायचे. नर्स माझ्या कागदावर रोज लिहायची, 'झोप उत्तम'. मी तिला विनवून सांगितलं, "बाई, उत्तम नाही हो, तोच तर रोग आहे." ती म्हणाली, "तक्रारी कमी करा, झोपा."

तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, मागे आठ-दहा विद्यार्थी. प्रश्न विचारता विचारता मी त्यांच्या देखत झोपलो. जाग आली तेव्हा ते सुमनला विचारत होते, "घरी काही कुरबुर? लग्न सुखाचं आहे ना?" मनाचा रोग आहे, असं त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

सुमन तशी मोठ्याने बोलणारी नाही. पण ती त्यांच्या पाठीला म्हणाली, "कुरबुर करायला दुसरा माणूस जागा लागतो." विद्यार्थी हसले. डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्या विद्यार्थ्यांच्या मागे एक तरुण पारशी डॉक्टर उभा होता. बाकीचे पुढे गेले, तो थांबला. खाटेच्या कडेवर बसला आणि त्याच्या पारशी वळणाच्या मराठीत विचारलं, "तुमी हसला का पाय जातात?"

पाच वर्षांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं. मी लोकांना सांगायचो, ते ऐकायचे नाहीत. याने मी न सांगता विचारलं. मी मान हलवली.

"दुपारी उठते वेळी अंग हालत नाय? कोन बसला हाय छातीवर असा वाटते?"

"हो."

"आणि काम चालू हाय, पण तुमी नाय. असा होते?"

सुमनने तोंडाला पदर लावला. फातिमाबींची बाटली तिला आठवली असणार.

मग त्याने मला उभं केलं, सुमनला एका बाजूला, स्वतः दुसऱ्या बाजूला, आणि आपल्या मामाच्या खोट्या दातांची एक भलतीच गोष्ट सांगायला सुरुवात केली. गोष्ट संपायच्या आधीच मी दोघांच्या हातांत लोंबकळत होतो. तो एवढा खूश झाला की मोठ्या डॉक्टरांना हाका मारत वॉर्डभर धावला. मला राग यायला हवा होता. आला नाही.

त्याने रोगाचं नाव सांगितलं, नार्कोलेप्सी. मी ते तीनदा म्हणवून घेतलं. तो म्हणाला, "वेड नाय, फेफरा नाय, भूत नाय. आळस तर मुळीच नाय. डोक्यात झोपेचा न् जागेपणाचा जो दरवाजा हाय ना, त्याची कडी ढिली हाय."

"बरे होतील?" सुमनने विचारलं.

"नाय," तो सरळ म्हणाला. "पण जागा राहील."

मग त्याने मी आजवर काय औषध घेतलं ते विचारलं. मी ब्रोमाइडचं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "झोपणाऱ्या माणसाला झोपेचा दवा! कोन बनवत होता?"

"मीच," मी म्हणालो.

*

गोळी पांढरी होती, मधोमध रेघ. अँफेटामिन जातीची. सकाळी उठल्यावर अर्धी, दुपारी जेवणाआधी अर्धी, त्यानंतर काही झालं तरी नाही. आठवड्यात एक दिवस अजिबात नाही, म्हणजे शरीर निर्ढावत नाही. आणि ही गोळी तुमची, दुसऱ्या कुणाची नाही, हे त्याने दोनदा बजावलं.

पहिली अर्धी घेतली आणि खाटेवर बसून राहिलो. तासाभरात काही मोठं झालं नाही. कुठे वीज चमकली नाही. फक्त मला जाणवलं की वर पंखा फिरतोय आणि त्याचं एक पातं घासतंय. इतके दिवस त्याच पंख्याखाली होतो. मग मी शेजाऱ्याचं वर्तमानपत्र घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानाच्या तळापर्यंत वाचलं, हरवल्या-सापडल्याच्या जाहिरातींसकट. दुपार झाली. फरशीवर उन्हाचा पट्टा होता, तो हळूहळू सरकत एका खाटेखालून दुसऱ्या खाटेखाली गेला. मी पूर्ण वेळ तो बघत होतो. पाच वर्षांत मी एकही दुपार अख्खी पाहिली नव्हती.

चार वाजता सुमन भेटायला आली. मी तिच्याशी जे बोलायला लागलो ते भेटीची घंटा वाजेपर्यंत. घंटा वाजल्यावर ती उठली आणि म्हणाली, "बरं झालं हो. पण माझं डोकं दुखायला लागलं." आणि जिन्यात जाऊन रडली. हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं.

*

लोकांना वाटतं, गोष्ट इथे संपली. औषध सापडलं, रोगी जागा झाला, घरात आनंदीआनंद. तसं वाटणाऱ्यांनी एकदा आमच्या घरी येऊन राहायला हवं होतं.

गोळीने तोंड कोरडं पडायचं, जीभ टाळूला चिकटायची. भूक गेली. आईने केलेलं कोळंबीचं कालवण समोर आलं की मी ताट सरकवायचो, आणि आईला वाटायचं मुंबईहून नखरे शिकून आला. छाती धडधडायची. आणि चिडचिड! इतकी वर्षं झोपेत काढलेल्या माणसाला जाग आल्यावर घरातली प्रत्येक गोष्ट चुकीच्या जागी दिसायला लागली. मी डबे हलवले, रहाटाचा दोर बदलला, सुमनला तांदूळ निवडायची रीत शिकवली. तिने सूप माझ्या हातात दिलं आणि बाहेर निघून गेली. दुपारची अर्धी उतरली की चार-साडेचारला मी विझायचो, आणि संध्याकाळी जेवायला उठवावं लागायचं. आणि हसण्यावर त्या गोळीचा काही उपयोग नव्हता. हसलो की अजूनही बसकण मारायचो. त्याला तेव्हा औषधच नव्हतं, सावध राहून हसायचं, एवढंच.

डॉक्टर गद्र्यांनी चावी परत दिली, पण अटीवर. भरलेली प्रत्येक बाटली आधी त्यांच्यासमोर ठेवायची, त्यांनी वास घेतल्याशिवाय पेशंटच्या हातात द्यायची नाही. दहा वाजता आणि एक वाजता मी आतल्या बाकावर पंधरा-पंधरा मिनिटं झोपायचं, आणि त्या वेळात कुणी कितीही बोंबललं तरी औषध मिळणार नाही. लोकांनी नावं ठेवली. डॉक्टर म्हणाले, "ठेवू देत. झोपून उठलेल्या कंपाउंडरकडून औषध घ्यायचं की झोपलेल्या, ते त्यांनी ठरवावं."

फातिमाबी मात्र वर्षभर माझ्या हातचं काही घेत नव्हत्या. त्यांचं बरोबर होतं.

मग गावाला गोळीचा सुगावा लागला. कुणाला अभ्यासासाठी हवी, कुणाला मासेमारीच्या बोटीवर जागायला हवी. सगळ्यांना माझी गोळी हवी, माझा आजार कुणालाच नको! मी सगळ्यांना नाही म्हटलं आणि सगळ्यांचं वाईटपण घेतलं. आमच्या शेजारी गणू शिंपी राहायचा. लग्नसराईत त्याचं काम उरकत नव्हतं. तो मला विचारून थकला आणि मग माझ्या आईकडे गेला. आईने त्याला डबीतून दोन गोळ्या काढून दिल्या. त्याने दोन्ही एकदम घेतल्या.

दुसऱ्या दिवशी त्याला दोघांनी धरून दवाखान्यात आणलं. हात थरथरत होते, डोळे फिरत होते, छाती अशी उडत होती की सदऱ्यावरून दिसावी. डॉक्टर दिवसभर त्याच्या उशाशी बसले. वाचला. त्याने शिवलेल्या नवरदेवाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या.

मी घरी येऊन आईवर ओरडलो. "गोळ्या आहेत त्या, साबुदाणा नव्हे!"

"व्हय रे," आई म्हणाली, "तुला जागं करते, मग त्याला काय मारील? मला काय ठावं?"

"मारलंच होतं!"

तिने डबी माझ्याकडे सरकवली. "तुजी झोप म्हंजे सोंग हाय असं मला वाटायचं दामू," ती हळूच म्हणाली. "गोळी म्हंजे चाप्टर पोराला लावलेला चाप. मला खरंच न्हाय कळलं." पाच वर्षं चाललेल्या आजारात माझ्या आईचा त्यावर विश्वास त्या दिवशी बसला, शिंप्याची छाती बघून. त्या दिवसापासून डबीला कुलूप लागलं आणि चावी सुमनच्या कमरेला.

*

त्या पावसाळ्यात लाँच बंद झाल्या आणि गोळ्यांचं पार्सल पेणवरून फिरत फिरत आलं. नऊ दिवस माझ्याकडे एकही गोळी नव्हती. डॉक्टरांनी मला घरीच बसवलं. त्या नऊ दिवसांचं मला फारसं काही आठवत नाही.

पुढे हिवाळ्यात एक दिवस पोस्टमनने पाकीट दिलं. सुमनच्या नावाचं. फायनलच्या, म्हणजे सातवीच्या परीक्षेचा नंबर होता आत. त्या काळी फायनल झाली की प्राथमिक शाळेत नोकरी मिळत असे. दुपारची अर्धी गोळी नुकतीच चढलेली, मी भडकलो.

"मला न विचारता फॉर्म भरलास?"

"विचारलं," सुमन म्हणाली. "तीन वेळा विचारलं. पावसात. तुम्ही तिन्ही वेळा हो म्हणालात. सहीसुद्धा केलीत."

"मी झोपेत असेन!"

"असाल," ती म्हणाली. "मग मी विचारू कधी? सकाळची अर्धी गोळी दवाखान्याची. दुपारची अर्धी दवाखान्याची. घरी येतो तो नुसता सदरा. आणि रविवारी दवाखाना बंद, तर गोळीही बंद. गावातल्या सगळ्या खोकल्या-पडश्यांना तुम्ही जागे मिळता. मला मिळत नाही."

मी तावातावाने किनाऱ्यावर गेलो आणि वाळत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी बसलो. राग मनात घोळवायचा होता, पण गोळी उतरली आणि त्यातच झोप लागली. या आजारात माणसाला धड रुसताही येत नाही. एका कोळणीने काठीने हलवून उठवलं, "उठ बाबा, भरती येते हाय."

घरी गेलो नाही. तसाच डॉक्टर गद्र्यांकडे गेलो आणि पारशी डॉक्टरला पत्र लिहिलं: गोळीविना दिवस रविवारच हवा का? उत्तर आलं, कुठलाही चालेल, आठवड्यात एक ठेवा म्हणजे झालं. गद्र्यांनी नोंदवही चाळली आणि म्हणाले, "गुरुवारी गर्दी कमी असते. गुरुवारी येऊ नकोस."

अशा रीतीने गुरुवार झोपेचा झाला आणि रविवार सुमनचा.

पहिल्या रविवारी मी तिची गणितं घ्यायला बसलो. काळ-काम-वेगाची. दोन उदाहरणं झाल्यावर तिने पाटी बाजूला ठेवली. "आज शिकवू नका. नुसतं ऐका." आणि ती बोलत राहिली, दुपारपर्यंत. तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, ते मला माहीतच नव्हतं. मी त्यांच्या समाचाराला चौलला जाऊन आलो होतो म्हणे. मी विहिरीवर पाणी शेंदायला जातो तेव्हा ती दर वेळी माडाआड उभी असते, म्हणाली, हात मोकळे ठेवून.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं."

तेव्हापासून आम्ही एक रीत पाडली. महत्त्वाचं काही असेल तर ती सांगणार आणि मी ते परत म्हणून दाखवणार. नुसतं 'हो' चालणार नाही. पहिल्यांदा मला ते अपमानाचं वाटलं, शाळकरी मुलासारखं. मग सवय झाली. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी हे जरूर करावं. औषधाइतकाच त्याचा उपयोग झाला, आणि त्याने तोंड कोरडं पडत नाही.

*

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. अर्धी सकाळी, अर्धी दुपारी, अजून चालू आहे. बरा झालो नाही, होणारही नाही. अजून वैतागतो. अजून लोक कॉफी सांगतात.

त्या वर्षी फायनलचा निकाल नेमका गुरुवारी आला होता. मी पडवीत झोपलो होतो. कुणीतरी खांदा हलवत होतं, मी हूं हूं करत होतो. मग तोंडावर गार पाणी आलं आणि मी उठून बसलो. समोर सुमन, हातात तांब्या.

"अहो, मी पास झाले."

"हो," मी म्हणालो.

"हो नको. परत सांगा."

मी डोळे पुसले. "तू फायनल पास झालीस."

"पुन्हा."

"सुमन, मी जागा आहे आता. खरंच जागा आहे."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. "तरी सांगा."